ट्रक माझा, ताबा कंपनीचा

आरसी बुकावर नाव माझं. हप्ता माझ्या खात्यातून जातो. विमा, परमिट, फिटनेस, टायर, डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार, सगळं माझ्या खिशातून. आणि तरीही इंजिनच्या बगलेला बोल्टनं आवळलेला एक ॲल्युमिनियमचा डबा मेला, तर तो बदलून माझाच ट्रक चालू करायची मला मुभा नाही. माझ्या मिस्त्रीला नाही, निर्मलच्या कुठल्याही वायरिंगवाल्याला नाही. ती मुभा कंपनीनं ट्रकची पूर्ण किंमत वसूल केल्यावरही स्वतःजवळ ठेवली आहे. याला धंद्याची रीत म्हणणारे म्हणोत. मी लूट म्हणतो, आणि का म्हणतो ते सविस्तर सांगतो.

मी भैंशाचा. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा आमचा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादेत गेला. घरात मराठी, बाजारात तेलुगू, गॅरेजात दखनी हिंदी अशी आमची रोजची बोली. कल्याणहून माळशेज घाट, नगर, परभणी, नांदेड, भोकर करत येणारा महामार्ग आमच्या दारावरून पुढं जातो आणि निर्मलला ४४ नंबरच्या महामार्गाला मिळतो. श्रीनगर ते कन्याकुमारी असा हा रस्ता, त्यामुळं उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मालाचा मोठा लोंढा निर्मलवरून वाहतो. हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता जिल्ह्याचं ठिकाण आहे. बाहेरच्यांना ते लाकडी खेळण्यांमुळं माहीत असतं. ट्रकवाल्यांना ते पंक्चरवाल्यांमुळं, पाटे बसवणाऱ्यांमुळं, वेल्डिंग-वायरिंगवाल्यांमुळं, रात्री-अपरात्री हाक मारली तरी टॉर्च घेऊन येणाऱ्या मिस्त्र्यांमुळं माहीत असतं.

या मुलखाला लोखंडाची विद्या नवी नाही. निजामाच्या काळात निर्मलला तोफा ओतल्या जात. गोदावरीपलीकडच्या कोनासमुद्रमचं पोलाद खरेदी करायला इराणचे व्यापारी येत. दमास्कसच्या तलवारींशी त्या पोलादाचं नाव जोडलं जातं. इथल्या कारागिराला आज कंपनी सांगते की आमच्या डब्यात तुला काही करता येणार नाही. काम त्याला येतं. त्याला मुद्दाम बाहेर ठेवलं आहे.

प्रसंग सांगतो, म्हणजे कुणाला हे हवेतलं बोलणं वाटणार नाही. भैंशाच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरून गाडी तामिळनाडूकडं निघाली होती. अवकाळी पावसाचे दिवस. दिलावरपूरच्या पुढं इंजिन एकाएकी बंद पडलं. ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, चालता चालता गाडी बसली. मीटरवर सगळ्या लाइटी लागल्या. सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडत नाही." दुसऱ्या ट्रकनं ओढून गाडी निर्मलच्या एका वायरिंगवाल्याच्या दारात उभी केली.

त्या माणसानं काय केलं ते बारकाईनं लिहिलं पाहिजे, कारण ज्याला कंपनी अडाणी समजते त्याचं काम कसं असतं हे वाचकाला कळायला हवं. आधी त्यानं दोन्ही बॅटऱ्या लोड देऊन तपासल्या. मग स्कॅनर जोडला. बाकीचे डबे बोलले, इंजिनचा डबा, म्हणजे ईसीएम, बोलला नाही. आळशी माणूस इथंच 'डबा गेला' म्हणून मोकळा होतो. हा झाला नाही. त्यानं कपलर काढून सप्लायच्या प्रत्येक पिनेवर २४ व्होल्ट येतो का ते पाहिलं. चावी लावल्यावर इग्निशनची तार जिवंत होते का ते पाहिलं. अर्थिंगला नुसता मीटर लावून तो थांबला नाही, तिच्यावर भार टाकून किती व्होल्ट पडतो ते मोजलं; गंजलेली अर्थिंग बसल्या जागी चांगली दिसते आणि करंट ओढला की मान टाकते. मग बॅटरीची तार सोडून, सगळे डबे ज्या पिळाच्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्यामधला रेझिस्टन्स मोजला. ६० ओहम. म्हणजे दोन्ही टोकांचे १२०-१२० ओहमचे रेझिस्टर जागेवर, तारा शाबूत.

उरला सेन्सरांचा ५ व्होल्ट. हा ५ व्होल्ट डबाच सेन्सरांना पुरवतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा तार घासून चासीला टेकली, तर तो सप्लाय बसतो आणि धडधाकट डबासुद्धा मेल्यासारखा वागतो. म्हणून त्यानं रेल प्रेशरचा, क्रँकचा, कॅमचा, बूस्टचा, असे सेन्सर एकेक करून सोडले आणि दर वेळी मीटर पाहिला. शेवटी इंजिनकडचा अख्खा कपलर काढला. ५ व्होल्ट काही परत आला नाही. कपलरच्या आत पिनांवर हिरवट गंज चढला होता. पाणी आत शिरलं होतं. त्यानं मीटर गुंडाळला आणि म्हणाला, "सेठ, तार सब बराबर है. डब्बाच मर गया."

हा निदानाचा वस्तुपाठ होता. कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात असाच शिकवावा. त्यानं घेतलेली मजुरी सांगायची मला लाज वाटते, इतकी कमी होती.

आता पुढं काय हवं होतं? त्याच मॉडेलचा डबा, चार बोल्ट, दोन कपलर. त्याच्या दुकानात अपघातात मोडलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा चांगला डबा पडलेला होता. पण तो लावून उपयोग नाही हे त्याला माहीत होतं आणि मलाही. डब्यात त्या त्या इंजिनचा प्रोग्राम भरावा लागतो. चासी नंबर भरावा लागतो. प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड भरावा लागतो, कारण एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन इंजेक्टरही अगदी सारखं डिझेल फवारत नाहीत आणि तो फरक डब्याला सांगावा लागतो. चोरी रोखण्यासाठी इमोबिलायझर असेल तर त्याची सांगड नव्यानं घालावी लागते. यात कसलीही जादू नाही. चासी नंबर चासीवर आहे, इंजेक्टरचे कोड इंजेक्टरवर आहेत, डबा दुकानात आहे, काम करणारा माणूस समोर उभा आहे. फक्त प्रोग्राम भरण्याचं सॉफ्टवेअर आणि त्याचा पासवर्ड कंपनीच्या सर्व्हरवर आहे, आणि तो सर्व्हर डीलरच्या लॅपटॉपलाच उघडतो.

म्हणून कंपनीला फोन. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडीवरचा बिल्ला बदलला तरी या लायनीतल्या लोकांच्या तोंडी गाऱ्हाणं हेच असतं. फोनवरचा पहिला सल्ला: गाडी वर्कशॉपला आणा. बंद पडलेली, गाठींनी भरलेली गाडी कशी आणू? मग टोचन करा. टोचनचा दर ऐकून मी माणूस पाठवा म्हटलं. माणूस आला, व्हिजिट चार्ज आधी लावून. त्यानं लॅपटॉप जोडला, पडद्यावर 'संपर्क नाही' असं दिसलं आणि त्यानं लिहून दिलं: ईसीएम बदला. मीटर बॅगेतून बाहेरसुद्धा काढला नाही. त्या दिवशी त्याचं उत्तर बरोबर निघालं ते केवळ निर्मलचा माणूस आधीच सगळं तपासून बसला होता म्हणून मला कळलं. तार शॉर्ट असती तरी पडद्यावर तेच दिसलं असतं, आणि लाखाच्या घरातला डबा तरीही माझ्या गळ्यात पडला असता.

असं अनेकांच्या गळ्यात पडलं आहे. या रस्त्यावर मी असे मालक पाहिले आहेत ज्यांनी नवा डबा बसवला आणि दोष तसाच राहिला, मग कळलं की चासीच्या कोपऱ्याला घासून एका तारेचं वरचं कातडं गेलं होतं. डबा परत घ्या म्हटलं तर उत्तर ठरलेलं: इलेक्ट्रिकल पार्ट एकदा लावला की परत नाही. चुकीचं निदान त्यांचं, भुर्दंड आमचा. ज्या डॉक्टरनं नाडी न बघता पोट फाडलं त्याला आपण कोर्टात खेचतो. इथं बिल भरतो आणि वर गाडी सुटली म्हणून हात जोडतो.

पैसे पूर्ण आगाऊ भरले. डबा दुसऱ्या राज्यातल्या गोदामातून येणार होता. तोवर गाठींवर दुहेरी ताडपत्री, रोज संध्याकाळी आभाळाकडं बघणं, ट्रान्सपोर्टवाल्याचा तगादा, गिरणीचा तगादा. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपायचा; त्याचा भत्ता चालू, गाडीचं भाडं बंद. फायनान्स कंपनीला यातलं काही सांगून उपयोग नसतो, हप्त्याची तारीख पुढं सरकत नाही. माझ्या गाडीत रुई होती, ती कुजत नाही. याच रस्त्यानं नागपूरची संत्री खाली जातात. त्या गाडीचा डबा मेला तर मालक काय करतो, याचा विचार त्या सर्व्हरवाल्यांनी कधी केला आहे का?

डबा आला. निर्मलच्या माणसानं तो चहा पिऊन होईतो बसवला. गाडी अर्थातच उठली नाही, कारण डबा कोरा होता. पुन्हा लॅपटॉपवाल्याची वाट. तो आला, मोबाइलचं नेट जोडलं, सर्व्हर लागला, तुटला, पुन्हा लागला, प्रोग्राम उतरला, कोड भरले, गाडी चालू. बिलात तीन रकमा होत्या: डबा, प्रोग्रामिंग, व्हिजिट. प्रोग्रामिंगची वेगळी. म्हणजे पूर्ण किमतीत विकलेली वस्तू चालू करून द्यायचे पुन्हा पैसे. आणि जाताना त्यानं माझा जुना डबा काखेत मारला. कंपनीचा नियम म्हणाला. माझ्या पैशानं घेतलेल्या ट्रकमधला, माझ्या गाडीची सगळी नोंद पोटात असलेला डबा. त्याची पावती नाही, त्याचं मोल बिलातून वजा नाही. तो उघडून दुरुस्त होत होता का, हेही मला कधी कळणार नाही.

जुन्या गाड्यांचा मला उमाळा नाही. काळा धूर ओकणाऱ्या त्या इंजिनांनी रस्त्याकडेच्या गावांची काय दशा केली ते आम्ही पाहिलं आहे. महबूब घाटात भरलेल्या गाड्यांच्या रांगेमागं उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं. सर्वोच्च न्यायालयानं २९ मार्च २०१७ ला बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली ते योग्यच केलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेही योग्य. डबा हवाच. डिझेल किती, कधी, किती दाबानं, हे तो ज्या अचूकपणे ठरवतो ते स्प्रिंग आणि गव्हर्नरच्या पंपाला जमणारं नव्हतं.

पण त्या पंपाच्या काळात एक गोष्ट होती, आणि ती आमच्यापासून हिरावून घेतली गेली. पंप बिघडला की तो उतरवून नांदेडच्या पंपवाल्याकडं न्यायचा. तो टेस्ट बेंचवर चढवून, प्रत्येक नळीतून पडणारं डिझेल काचेच्या नळीत मोजून, तक्त्याशी ताडून सेट करायचा. तो तक्ता कंपनीचा असायचा आणि पंपवाल्याच्या भिंतीवर टांगलेला असायचा. आकडे उघडे होते. एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, नोझल बाजारात मिळायचे. हे ज्ञान लोकांच्या हातात होतं म्हणून बैलगाडीच्या वाटेवरही ट्रक चालू राहिला. आज आकडे कुलपात आहेत. तंत्र पुढं गेलं याच्याशी त्या कुलपाचा काहीही संबंध नाही. ते कुलूप विक्रीखात्याचं आहे.

बीएस-६ मध्ये तर हा ताबा आणखी घट्ट झाला. धुरातला नॉक्स कमी करायला डीईएफ, म्हणजे यूरियाचं पाणी, फवारलं जातं; त्यावर सेन्सर नजर ठेवतात. सेन्सर बिघडला की डबा आधी दिवा लावतो, मग इंजिनची ताकद कमी करतो, आणि तरी दुरुस्ती झाली नाही तर गाडी गोगलगाईच्या चालीवर आणतो. प्रदूषणासाठी ही सक्ती असायला माझी हरकत नाही. पण ज्या यंत्राला कायद्यानं गाडी थांबवायचा अधिकार दिला, त्याच यंत्राचा दोष काढायची आणि पुसायची सोय रस्त्यावरच्या मिस्त्रीला मिळालीच पाहिजे, ही सक्ती त्याच कायद्यात का नाही? सरकारनं दंडुका कंपनीच्या हातात दिला आणि पाठ फिरवली.

आणि हा प्रश्न देशात कुणी उपस्थितच केला नाही असंही नाही. २०११ च्या जानेवारीत शमशेर कटारिया या ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली: कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात देत नाहीत, त्यामुळं गिऱ्हाईक त्यांच्याच वर्कशॉपला बांधलं जातं. आयोगानं चौकशी तीन कंपन्यांवरून वाढवून जवळजवळ सगळ्या उद्योगापर्यंत नेली. २५ ऑगस्ट २०१४ ला निकाल आला. १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपये दंड. नेहमी लागणाऱ्या सुट्या भागांवर शंभर टक्क्यांपासून सुमारे पाच हजार टक्क्यांपर्यंत चढी किंमत लावल्याचं त्या चौकशीत पुढं आलं. आयोगानं आदेश दिला: सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळतील अशी व्यवस्था करा, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नका. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ च्या डिसेंबरात अपील न्यायाधिकरणानं तीन कंपन्यांच्या प्रकरणात दोष कायम ठेवला, दंडाचा हिशेब मात्र खाली आणला.

मी तो निकाल दुखावलेल्या माणसाच्या आशेनं वाचला. त्यातलं एकेक वाक्य माझ्या ट्रकला लागू पडतं. पण तो सगळा वाद कारचा. ट्रकचा 'ट' त्यात नाही. दंड झालेल्या कंपन्यांपैकी काही ट्रकही बनवतात, तरी ट्रकबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही. घरची कार बंद पडली तर माणूस रिक्षा करतो. ट्रक बंद पडला तर एका घराची चूल बंद पडते. ज्याचं पोट त्यावर आहे त्याला संरक्षण आधी मिळायला हवं होतं, त्याचं नावच आलं नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं ठरवली. २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. पुढं २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल आला तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा. मोबाइलवाल्यांचं भलं होवो. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पोर्टलवर माहिती टाकली म्हणून डीलरचा पासवर्ड निर्मलला पोचत नाही. जो कागद मोडला तरी शिक्षा नाही, तो कागद कंपनीच्या लेखी रद्दी आहे.

इतर देशांत हे झालं आहे, तेही ट्रकसकट. युरोपीय संघाचा २०१८/८५८ क्रमांकाचा नियम १ सप्टेंबर २०२० पासून लागू आहे. वाहन विकायचं तर दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना, भेदभाव न करता, वाजवी शुल्कात द्यावीच लागते, आणि त्यात मालवाहू ट्रक येतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ मध्ये कारच्या दुरुस्तीचा हक्क मतदानानं मिळवला, आणि २०१५ मध्ये अवजड वाहनांसाठी इंजिन-ट्रक उत्पादक आणि दुरुस्ती व्यवसाय यांच्यात करार झाला. तिथं कंपन्यांना द्यायला भाग पाडलं, म्हणून त्या देतात. इथं कुणी भाग पाडत नाही.

कंपन्यांची उत्तरं मला पाठ आहेत. सॉफ्टवेअर उघडलं तर लोक प्रदूषणाची यंत्रणा बंद करतील, स्पीड लिमिटर काढतील, चोरीच्या गाड्यांना दुसरे डबे लावतील. भीती खरी आहे. आमच्याच लायनीत यूरियाचे चार पैसे वाचवायला डब्याला खोटी माहिती देणारी उपकरणं लावणारे लोक आहेत, आणि मी त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही आपल्या लेकरांच्या फुप्फुसात धूर भरता, वर कंपन्यांच्या हातात आयतं कोलीतही देता. अशा मालकाची गाडी जप्त झाली तर मी त्याच्या बाजूनं शब्द टाकणार नाही.

पण मी मागतो ते वेगळं आहे. प्रोग्राम बदलू द्या असं मी म्हणत नाही. त्याच चासी नंबरला कंपनीनं दिलेला तोच प्रोग्राम तसाच्या तसा नव्या डब्यात भरू द्या, एवढंच मागतो. भरणाऱ्याची नोंदणी करा. त्याच्या दुकानाचा परवाना, आधार, फोटो घ्या. प्रत्येक वेळी कुठल्या गाडीत, कुणी, केव्हा भरला याची नोंद सर्व्हरवर राहू द्या. चासी नंबर चोरीच्या यादीत असेल तर सर्व्हरनं नकार द्यावा आणि पोलिसांना कळवावं. दर वेळचं वाजवी शुल्क घ्या, आम्ही देऊ. आज डीलरच्या लॅपटॉपवर जे होतं तेच नोंदणी केलेल्या मिस्त्रीच्या लॅपटॉपवर होईल. हे तंत्र आजच अस्तित्वात आहे, उद्या शोधायचं नाही. ते न देण्यामागं प्रदूषणाची काळजी असती तर मीटर न लावता डबे बदलणाऱ्या स्वतःच्या माणसांवर त्यांनी आधी कारवाई केली असती.

यात सगळ्यात मोठं नुकसान माझं नाही, त्या वायरिंगवाल्याचं आहे. त्याच्या पोरानं आयटीआय केलं आहे, डबे ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या तारा तो वाचतो, सर्किट समजून घेतो, बापापेक्षा दोन पावलं पुढं आहे. पण रस्त्यावर येणाऱ्या दर नव्या ट्रकबरोबर त्याचं निम्मं काम कुलपात जातं. त्याला उरतं दिव्याचे बल्ब बदलणं आणि हॉर्न जोडणं. सरकार कौशल्य विकासाच्या जाहिराती लावतं आणि ज्याच्याकडं कौशल्य आहे त्याला दारात उभं करतं. दहा-पंधरा वर्षांत या रस्त्यावर दोषाचा माग काढणारा माणूस उरणार नाही, फक्त लॅपटॉप उघडून पडद्यावरचं वाचणारे उरतील.

मालकांनो, तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी करा. डबा गेला असं कुणी म्हटलं तर लेखी विचारा: सप्लाय मोजला का, अर्थिंगवर किती पडलं, सेन्सर सोडून ५ व्होल्ट पाहिला का. उत्तर नसेल तर पैसे भरू नका. जुना डबा परत मागा. न देता आला तर त्याची किंमत बिलातून वजा करून मागा. इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू नका आणि चासीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी आणि डब्याचे कपलर सोडा, निम्मे डबे तिथंच वाचतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू वगळली असली तरी स्वतः राबून पोट भरण्यापुरती घेतलेली वस्तू वगळलेली नाही. एका ट्रकवर संसार चालवणारा माणूस त्या कायद्यानं ग्राहक आहे, आणि तक्रार तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात होते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. हेल्पलाइनचा नंबर १९१५. मीटर न लावता डबा गळ्यात मारणाऱ्या प्रत्येकावर तक्रार दाखल झाली पाहिजे.

ट्रान्सपोर्ट संघटनांना माझी कळकळीची विनंती: टोल आणि डिझेलवर आंदोलनं करता, त्याच जोरानं हा विषय उचला. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा आणि त्यात मालवाहू ट्रक स्पष्ट शब्दांत लिहा, अशी मागणी नांदेडच्या, आदिलाबादच्या, चंद्रपूरच्या प्रत्येक खासदाराच्या टेबलावर गेली पाहिजे. आणि ज्याला उद्या नवा ट्रक घ्यायचा आहे त्यानं शोरूममध्ये हप्ता आणि मायलेज विचारायच्या आधी हे विचारावं: डबा मेला तर निर्मलमध्ये तो कोण चालू करून देईल, किती वेळात आणि किती पैशात? उत्तर लेखी घ्या. लेखी देत नसतील तर त्या शोरूममधून उठा.